काकापो मठ्ठ आहे म्हणून संपत चाललाय?

रातवा: परवापासून सगळीकडे एक पोस्ट फिरतेय, "माणसाच्या डोक्यावर चढणारा हा मठ्ठ पोपट निसर्गानेच बाद केलाय." हा पोपट म्हणजे न्यूझीलंडचा, उडता न येणारा काकापो. तो व्हिडिओ सिरोको नावाच्या नराचा, 2009 सालचा, आणि डोकं प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डाइनचं. सिरोको 1997 मध्ये जन्मला, पिल्लू असतानाच श्वसनाच्या आजारामुळे माणसांनी हाताने वाढवला, म्हणून त्याला माणूसच जोडीदार वाटतो. एका बिघडलेल्या नरावरून अख्ख्या जातीला मठ्ठ ठरवायचं?

बाकीचे नर काय करतात ते बघा. डोंगराच्या धारेवर पायवाटा साफ करायच्या, जमीन उकरून साधारण 10 सेंटिमीटर खोल वाटी करायची, तीही शक्यतो खडक किंवा बुंध्याला लागून, म्हणजे आवाज परावर्तित होतो. मग माद्यांना बोलवायला छाती फुगवून वीसेक खोल "बूम", त्यानंतर धातूवर आपटल्यासारखा "चिंग". बूम पाच किलोमीटरपर्यंत जातो, पण कुठून आला ते कळत नाही. दिशा चिंग सांगतो. हे रात्री आठ-आठ तास, महिनोन्महिने. वाटी वापरात आहे का हे पाहायला राखणदार तिच्यात काड्या टाकून ठेवतात. सकाळी काड्या गायब, म्हणजे नर हजर.

कोकणखवळ्या: वा, इंजिनिअरिंग झकास! आणि संग झाला की साहेब गायब. एकटी मादी जमिनीवरचं घरटं सांभाळणार, रात्री चरायला जाताना पिल्लं उघडी. स्टोट, म्हणजे मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी, वास काढत येतो, आणि काकापोला तर उग्र वास. 1970 च्या दशकात न्यूझीलंडच्या फिओर्डलँड भागात सापडले ते सगळे नरच होते, ते उगाच?

रातवा: अहो, स्टोट, मांजरं माणसांनी आणली! त्याआधी हीच पद्धत व्यवस्थित चालली होती.

रीमूफळ: तुम्ही दोघं नरावरच अडकलात. रीमूच्या झाडांना भरपूर फळं आली तरच पैदास, म्हणजे दोन ते चार वर्षांनी एकदा. म्हणून पूरक खाद्य सुरू केलं आणि तिथेच घोळ झाला. माद्या जाड झाल्या आणि पिल्लं बहुतेक नर! पुढे मादीचं वजन बघूनच खाद्य द्यायला लागले: विणीआधी दीड किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, अंडी घातल्यावर मात्र भरपूर. 2002 मध्ये 62 पक्ष्यांचे 86 झाले. आपल्याकडे मात्र जनावर दिसलं की बिस्किटाचा पुडा फोडला, दया म्हणजे खाऊ घालणं, एवढीच अक्कल!

कोकणखवळ्या: बिस्किटं कुठून आली मध्येच?

रीमूफळ: पुण्या-मुंबईच्या प्रत्येक टेकडीवरून आली! माकडं, कबुतरं, सगळी बिघडवलीत. खाद्य हे औषधासारखं असतं, मात्रा चुकली की काय होतं ते काकापोने आकड्यांत दाखवलंय.

रातवा: रीमूफळ, कबुतरांसाठी वेगळा धागा काढा राव.

रीमूफळ: काढेन. तोवर वजनकाटा न बघता खायला घालणाऱ्यांना हाच धागा पुरे.

कोकणखवळ्या: मूळ मुद्दा राहिलाच. या स्वयंवरात दोन-चार नरच बहुतेक पिल्लांचे बाप होतात. ब्लेड्स नावाच्या नराची पिल्लं इतकी झाली की त्याला वेगळ्या बेटावर पाठवावं लागलं. त्यात 1995 ला उरले होते 51 पक्षी. निम्मी अंडी पोकळ निघतात ती का, ते सांगा.

रातवा: पोकळ अंड्यांमागे अंतःप्रजनन, आणि 51 वर आणलं स्टोट-मांजरांसारख्या शिकारी प्राण्यांनी. मादीचा एकाहून जास्त वेळा संग झाला तर अंडी जास्त फळतात. म्हणून नराच्या ट्रान्समीटरमध्ये कोणती मादी आली त्याची नोंद होते. कमी पडलं तर कृत्रिम रेतन. 2009 मध्ये ते पहिल्यांदा जमलं. 2019 मध्ये वीर्य लवकर पोचावं म्हणून व्हेनुआ होऊ या काकापोंच्या बेटावर ड्रोन उडवले. सिरोको डोक्यावर चढतो म्हणून वीर्य गोळा करायला केलेलं ते खळगेवालं रबरी हेल्मेट मात्र कधीच चाललं नाही, आता न्यूझीलंडच्या टे पापा संग्रहालयात आहे.

कोकणखवळ्या: म्हणजे ट्रान्समीटर, ड्रोन, मसाज करून काढलेलं वीर्य, एवढं सगळं लागतं, तरी पद्धत निर्दोष. मान्य, बाबा! स्टोट नसते तर नर उत्तम. पण एक तरी पिल्लू त्याने भरवलंय का?

रातवा: नाही. माळढोकाचा नर भरवतो का?

रीमूफळ: माळढोकाचं नाव काढलंत, आता कुत्र्यांचा विषय आला. त्यांनाही बिस्किटंच घालतात लोक!