तूप कमी केलं की बिस्किटं दगड होतात, काय चुकतंय?

भुसावळची_सून
नमस्कार मंडळी. मिस्टरांचे ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) जास्त आलेत, डॉक्टरांनी बेकरीचं बंद करायला सांगितलंय आणि ह्यांना चहासोबत बिस्कीट नसेल तर दिवसच उगवत नाही. म्हणून म्हटलं घरीच करू. आमची नेहमीची नानकटाई म्हणजे पाव किलो मैदा, १५० ग्रॅम तूप, १५० ग्रॅम पिठीसाखर. ह्यावेळी मैद्याच्या जागी कणीक घेतली, तूप सरळ ५० ग्रॅमवर आणलं आणि गोळा होईना म्हणून दूध घालून चपातीसारखं मस्त मळलं. जी काही निघाली ती चटणी वाटायला वरवंटा म्हणून चालतील. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बिस्कीट ताटलीवर टक टक वाजवून दाखवलं. कुणी केलीत का कमी तुपाची? ओव्हन साधा ओटीजी आहे.

दादरची_भाकर
चपातीसारखं मळलं तिथेच घोटाळा झाला ताई. तूप पिठाच्या कणांना लेप देतं, त्यामुळे पाणी आत जात नाही आणि चिकटपणा तयार होत नाही, म्हणून नानकटाई खुसखुशीत. तुम्ही तूप काढलं, दूध घातलं, वरून मळलं, म्हणजे भाजलेली चपातीच झाली की ती. मी २०० ग्रॅम पिठात ५० ग्रॅम दादरचं (म्हणजे दादर ज्वारीचं) पीठ घालते, बाकी दीडशे कणीक. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून बिस्कीट आपोआप ठिसूळ होतं, फक्त त्याहून जास्त घातलं तर हातात घेताच भुगा. तूप ५० ग्रॅमच, पण आधी ८० ग्रॅम पिठीसाखरेसोबत पांढरं होईपर्यंत फेसायचं, मग दोन चमचे घट्ट दही, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची. पीठ घालून बोटांनी नुसतं गोळा करायचं, लागलं तर चमचाभर दूध. मे महिन्यात आपल्याकडे तूप तेलासारखं पातळ असतं तेव्हा तूप आणि तयार गोळा दोन्ही थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा.
आणि पातळ लाटा, जाड ठेवली की आत कच्ची नाहीतर दगड.

रावेरचा_केळीवाला
केळं घाला ना भो, जळगाव जिल्ह्यात राहून दुधाचं काय घेऊन बसलात 😄 सालीवर काळे ठिपके पडलेलं, कुणी विकत घेणार नाही असं केळं कुस्करून निम्म्या तुपाच्या जागी घालायचं, साखर पण कमी लागते. पण खरं सांगतो, कुरकुरीत होत नाही, मऊ होतं, केकच्या चुलतभावासारखं. दुसऱ्या दिवशी अजून मऊ पडतं. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. पोरांना आवडतं, चहात बुडवणाऱ्याला नाही आवडणार, कपाच्या तळाशी जाऊन बसतं.

भट्टीवरचा_नंबर
दिवाळीला आई रवा मैदा तूप साखर डब्यात भरून भट्टीवर पाठवायची, पहाटे चारला नंबर लावायचो, थंडीत भट्टीजवळ उभं राहायला मजा यायची. एकदा आमच्या डब्यातलं साजूक तूप कुठे गेलं कळलंच नाही, बिस्किटांना डालड्याचा वास 😡 असो. मुद्दा काय, भट्टीवाला टोस्ट दोनदा भाजायचा, तीच युक्ती इथे वापरा. १६० डिग्रीवर अठरा-वीस मिनिटं, कडा गुलाबी झाल्या की बाहेर, जाळीवर पूर्ण गार होऊ द्या आणि परत १२० वर दहा-बारा मिनिटं. कमी तुपाच्या बिस्किटात ओलावा राहतो, तो असा निघून जातो. गरम असताना मऊ लागली म्हणून जास्त भाजू नका, गार झाल्यावरच कडक होतात.

हिशेबी_माणूस
थोडं कडू बोलतो. एक ग्रॅम तूप म्हणजे ९ कॅलरी, १०० ग्रॅम वाचवलं म्हणजे ९००, तीस बिस्किटं झाली तर एका मागे ३०. म्हणजे "कमी तुपाची आहेत" म्हणून चारच्या जागी सहा खाल्ली की हिशेब जवळपास बरोबरीत. शिवाय ट्रायग्लिसराईडला साखर आणि मैदाही नडतो, नुसतं तूप नाही. गूळ घातला की पौष्टिक झालं असं समजू नका, साखरच ती, वर बिस्कीट मऊ पडतं. घरी करण्याचा खरा फायदा मला वाटतो तो वनस्पती तूप टळतं हा. २०२२ पासून ट्रान्स फॅटची (वनस्पती तुपात असते ती हृदयाला वाईट चरबी) मर्यादा २ टक्के केलीय, तरी सुट्या बिस्किटात काय घातलंय ते कोण सांगतं.

भुसावळची_सून
@हिशेबी_माणूस पटलं, सकाळी दोन संध्याकाळी एक असं ठरवलंय, डबा माझ्या ताब्यात.
आज दादरचं पीठ घालून केली. मळली नाही, खरंच नुसती गोळा केली, तडे जात होते म्हणून जीव वरखाली होत होता पण काट्याने टोचून तशीच ठेवली. पहिल्या भाजणीनंतर अठ्ठावीस होती, जाळीवर गार होईपर्यंत शेजारच्या पोरांनी सहा पळवली, आता उरलेली परत आत गेलीत. सासूबाईंनी एक उचललं, ताटलीवर वाजवलं, आवाज आला नाही, मग खाल्लं. वेलची अजून हवी होती म्हणे.

दादरची_भाकर
वेलची कमी म्हणजे पास झालात 😂

रावेरचा_केळीवाला
मस्त शे वं ताई. केळं राहिलंच पण.