मदत हवी आहे: तोरणमाळच्या मुक्कामात धड कॉफी कशी करायची?

मंडळी, पुढच्या शनिवारी आम्ही चौघं शहाद्याहून बाईकवर तोरणमाळला तंबू ठोकायला जातोय. जेवणाची चिंता नाही, भरीत आणि कळण्याची भाकरी घरूनच बांधून नेतो. अडतंय ते सकाळच्या कॉफीवर.

सोबत गॅसच्या डबीवर चालणारा छोटा स्टोव्ह आणि एक लिटरचं स्टीलचं पातेलं. काचेचं काही नेणार नाही, घाटातल्या धक्क्यांनी फुटतं. दूध नाही, काळीच पितो. आणि इन्स्टंट सुचवू नका, ती पुडी खिशात असतेच.

गेल्या वेळी स्टीलचा फिल्टर नेला होता. डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) थेंब थेंब उतरेपर्यंत गारठ्यात गारढोण. दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर पाण्यात 30 ग्रॅम पूड घालून उकळली आणि चहाच्या गाळणीने गाळली. कडू जहर, वर कपाच्या तळाला तापीचा गाळ! पूड फिल्टर कॉफीचीच होती, बारीक, 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड). तिथं 1,100 मीटरच्या आसपास उंचीवर पाणी साधारण 96 अंशांनाच उकळतं आणि कॉफीला तेवढं पुरतं, म्हणजे दोष पाण्याचा नाही, मी खदखदत ठेवल्याचा असावा.

आता बिनचिकोरीची पूड जाडसर दळून, गॅस बंद केल्यावर घालून चार मिनिटं झाकून ठेवायचा विचार आहे. मग वरून गार पाण्याचा हबका मारला तर गाळ खरंच खाली बसतो का? की सरळ मोका पॉट (वाफेच्या दाबाने कॉफी काढणारी छोटी किटली) घेऊ, आणि त्याचं छोटं बूड स्टोव्हच्या तीन पायांवर नीट टेकतं का?