100 वॅटचा सेट, मीटरवर 133. वरचे 33 आले कुठून?

हळदकरी, सांगली
गच्चीवर डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, ताणलाय. हौशी रेडिओचा सेट 100 वॅटचा, पुढे ट्यूनर (सेट आणि केबलचा मेळ जुळवणारा डबा), त्यानंतर वॅटमीटर, मग 30 मीटर 50 ओहमची केबल. पलीकडे लोड, म्हणजे अँटेना, 150 ओहम. मीटर सांगतो: पुढे 133, मागे 33. ऊर्जा निर्माण होत नाही हे शाळेत घोकलंय. माझं मत स्पष्ट आहे, 'परत येणारी पॉवर' ही थाप आहे. तसं असतं तर सेट तापला असता. तो गारेगार आहे.

कंदीपेढा, सातारा
थाप कशी? परावर्तन गुणांक, म्हणजे लाटेचा किती भाग परत फिरतो तो आकडा, काढा: 150 वजा 50 भागिले 200, म्हणजे 0.5. पॉवरसाठी त्याचा वर्ग, पाव. 133 चा पाव 33. मीटर बरोबर बोलतोय. 133 दिले, 33 परत घेतले, सौदा शंभराचाच.

हळदकरी
मग लोडवर व्होल्टेज पुढे जाणाऱ्या लाटेच्या दीडपट होतं, त्याचं काय? फुकटची वाढच ना!

कंदीपेढा
व्होल्टेज दीडपट, पण करंट निम्मा. 1.5 गुणिले 0.5 म्हणजे 0.75. 133 चे पाऊण शंभर. लाट घाटाच्या भिंतीला आपटून उंच उसळते, म्हणून कृष्णेचं पाणी वाढतं का?

कोअॅक्सबाबा, कराड
आणि थाप असेल तर टीडीआर, म्हणजे केबलमधला दोष शोधणारं यंत्र, काय पकडतो? पल्स सोडायचा. 300 नॅनोसेकंदांनी परत आला की तुमच्या केबलमध्ये गोम 30 मीटरवर, कारण आत वेग प्रकाशाच्या दोन तृतीयांश.

हळदकरी
पल्सचं मान्य. पण सतत कॅरिअर, म्हणजे अखंड रेडिओ लहर, चालू असताना? सेट गार का, ते कुणीच सांगितलं नाही.

कोअॅक्सबाबा
जुळवलेल्या ट्यूनरपाशी सेटकडे जाणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात, सगळं पुन्हा पुढे वळतं. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत केबल भरते, मग सेट फक्त 100 च पुरवतो. केबलमध्ये अडकलेली ऊर्जा 166 वॅट (133 अधिक 33) गुणिले एका बाजूच्या प्रवासाचे 150 नॅनोसेकंद, म्हणजे 25 मायक्रोज्यूल. एक ग्रॅम हळद अडीच मिलिमीटर उचलायला लागते तेवढी. ट्यूनर काढून बघा, बहुतेक नवे सेट स्वतःच पॉवर उतरवतात.

हळदकरी
म्हणजे उधारी सुरुवातीला एकदाच, नंतर नुसता हिशेब फिरतो. तरी 'मागे 33' हा मला हिशेबातलाच आकडा वाटतो.

कंदीपेढा
केबल तापते ती त्या फिरणाऱ्यामुळेही. स्वस्त केबल लावली असेल तर हात लावून बघा.