मास्तरांना विषबाधा-सर्पदंशाचं प्रशिक्षण: गरज की आणखी एक ओझं?

तुरीची_शेंग
अमेरिकेतल्या कित्येक शाळांत नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे ठेवतात. अफूच्या जातीच्या गोळ्या किंवा त्याच जातीचं जहाल फेंटॅनिल जास्त झालं की श्वास मंदावत बंद पडतो. हा स्प्रे तो परत सुरू करतो. शिक्षकांना तो वापरायला शिकवतात. २०२३ पासून तिथे तो चिठ्ठीशिवाय मिळतो.
आपल्या गावात फेंटॅनिल नाही, पिकावरच्या कीटकनाशकाची फवारणी आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात त्या विषबाधेने वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पोरं सुटीच्या दिवशी त्याच वावरात असतात. शिवाय पावसाळ्यात साप. जिल्हा परिषदेच्या मास्तरांना हे शिकवायला काय हरकत आहे?

खडू_डस्टर
हरकत सांगतो. आमची शाळा दोनशिक्षकी. वर्ग चार, पोषण आहाराचा हिशोब, मतदार यादीच्या कामाची म्हणजे बीएलओची ड्युटी, वर 'माहिती आजच्या आज पाठवा'. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून दुसरी कामं देऊ नका म्हणतं.
आणि तुमची तुलनाच फसवी आहे. नॅलोक्सोन चुकून धडधाकट माणसाला दिला तरी सहसा अपाय होत नाही, म्हणून तिथला मास्तर बिनधास्त. माझ्या हातात काय? फोन, त्यालाही रेंज नाही. २०१९ मध्ये केरळात वायनाडला वर्गातच साप चावून पाचवीची मुलगी गेली, निलंबन शिक्षकाचं झालं. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे. मला कोणतं?

तुरीची_शेंग
म्हणजे प्रशिक्षण नसतानाही निलंबन होतंच की, गुरुजी.

पऱ्हाटीवाला
गुरुजी, तुमचं खरं हाये, पण मायं ऐका. माया पुतण्या तवा चौथीत. घरी कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध भरून ठेवेल होतं, पोट्ट्यानं शाळेत जाता जाता दोन घोट घेतले. शाळेत लाळ गळाली, घामानं चिंब. सगळ्याईले वाटलं फिट आली. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. अर्धा तास त्यातच गेला. पोट्टं वाचलं, पण कोनाच्याच ध्यानात औषध आलं नाई.

रातपाळी_सिस्टर
तो कांद्याचा अर्धा तास, तेवढाच वाचवायचा आहे. मास्तरांनी उपचार करूच नयेत. या फवारणीच्या विषातही डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अफूतही होते. पण नॅलोक्सोन इथे कामाचा नाही. त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, तेही दवाखान्यात. शाळेत करायचं ते असं: कपडे उतरवा, आपल्या हाताला जपून साबणपाण्याने अंग धुवा, मीठपाणी पाजून उलटी करवू नका, कुशीवर निजवा, १०८ ला फोन लावा. आणि घरून ती बाटली मागवा. आम्ही विचारतो काय पिलं, तर म्हणतात 'औषध'. कोणतं? 'कपाशीचं.' आपण जहराला औषध म्हणतो, मग लेबलाशिवाय आम्ही काय ओळखायचं?

पांदण_रस्ता
मग सापाचं इंजेक्शनच शाळेत ठेवा ना! आमचा दवाखाना अठरा किलोमीटर, मधात नाल्याला पूर.

रातपाळी_सिस्टर
नको हो दादा. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या जातात, आणि रिअ‍ॅक्शन आली तर पोरगं तिथंच जाईल. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, चावलेला पाय हलू देऊ नका. गाडी येत नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून निघा. मांत्रिकाच्या ओट्यावर थांबू नका. मण्यार चावली तर दुखतही नाही, म्हणून लोक 'काही झालं नाही' म्हणत बसतात.

खडू_डस्टर
सिस्टर, हे एका कागदावर मावतं. त्याला सभागृह, समोसा, सही आणि फोटो अपलोड कशाला?

रातपाळी_सिस्टर
कागद भिंतीवर राहतो. बेशुद्ध पोराला कुशीवर वळवायचं एकदा तरी चांगल्या पोरावर करून पाहा, गुडघा कुठे धरायचा इथेच लोक अडतात. समोसा मात्र मीही टाळते.

खडू_डस्टर
मग जीआरमध्ये लिहून द्या, की काही झालं तर जबाबदारी मास्तरावर नाही. पहिल्या बाकावर बसतो.

पऱ्हाटीवाला
अन् तोवर घोणस थांबते काय?

खडू_डस्टर
तिला बीएलओची ड्युटी लावा, मंग थांबते.