शब्दचर्चा : तेल कंपन्यांचा ‘तोटा’ की ‘वसुलीतील तूट’?

प्रश्न : इंधन दरवाढीच्या बातम्यांत ‘अंडर-रिकव्हरी’ या संज्ञेसाठी सर्रास ‘तोटा’ असे लिहिले जाते. हा प्रतिशब्द योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते तो चुकीचा आहे आणि त्यामुळे इंधन दरांवरची चर्चा अनेक वर्षे भरकटत राहिली. व्यवहारात तोटा म्हणजे विक्रीतून आलेला पैसा झालेल्या खर्चाला न पुरणे. (‘पाण्याचा तोटा’ यातला टंचाईचा अर्थ येथे बाजूला ठेवू, मात्र त्या अर्थामुळे ‘तेलाचा तोटा’ असा मथळा वाचणाऱ्याला आणखीच गोंधळात टाकतो.) ‘अंडर-रिकव्हरी’मध्ये विक्रीची किंमत प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहिली जात नाही, ‘मिळायला हवी होती’ अशा एका हिशेबी किमतीशी ताडून पाहिली जाते.

ती हिशेबी किंमत कशी काढत, हे पाहिल्यावर फरक लख्ख दिसतो. इंधनाच्या किमतींचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर 2006 पासून पेट्रोल-डिझेलसाठी 80 टक्के भार आयात-समतुल्य किमतीला आणि 20 टक्के भार निर्यात-समतुल्य किमतीला दिला जाऊ लागला. आयात-समतुल्य किंमत म्हणजे तयार इंधन आखातातून जहाजाने आणले असते, तर मूळ भाव, जहाजभाडे, विमा, सीमाशुल्क आणि बंदराचा खर्च धरून जे काही पडले असते ते; निर्यात-समतुल्य किंमत म्हणजे तेच इंधन परदेशात विकले असते, तर जे मिळाले असते ते. मुंबई हायचे कच्चे तेल समुद्रतळावरच्या नळाने उरणला येते आणि तेथून ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांत जाते. तरीही त्यातून तयार होणाऱ्या पेट्रोलच्या हिशेबात, कधीच न झालेल्या त्या सागरी प्रवासाचे भाडे धरलेले असे. अशा किमतीपेक्षा कमी मिळाले, तर त्या फरकाला ‘तूट’ म्हणणेच योग्य, कारण मराठीत तूट नेहमी एखाद्या ठरवलेल्या मापाच्या तुलनेत येते: वजनात तूट, अर्थसंकल्पात तूट. म्हणून ‘वसुलीतील तूट’ हा प्रतिशब्द मी सुचवतो.

आकडे पाहावेत. 2011-12 मध्ये सरकारी तेल कंपन्यांची ही तूट सुमारे 1 लाख 38 हजार कोटी रुपये होती आणि त्याच वर्षी इंडियन ऑइलने सुमारे 3,950 कोटींचा निव्वळ नफा दाखवला. तूट निव्वळ कागदावरची होती, असा मात्र याचा अर्थ नाही. केंद्र सरकारने 83,500 कोटी आणि ओएनजीसीसह तेल-वायू काढणाऱ्या सरकारी कंपन्यांनी सुमारे 55,000 कोटी घातले, म्हणून ती भरून निघाली. ते पैसे आले नसते तर तिचे रूपांतर खऱ्या तोट्यात झाले असते. यातली खरी झळ कोणाला बसली, हे ‘तोटा’ या शब्दाआड दडून जाते. 2012-13 मध्ये ओएनजीसीच्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे 110 डॉलर असताना विक्री करणाऱ्या तेल कंपन्यांना द्यावी लागलेली सवलत वजा जाता तिच्या हाती जेमतेम 48 डॉलर पडले. परदेशी तेलावरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी जो पैसा नव्या विहिरींच्या शोधात जायला हवा होता, त्यातला मोठा वाटा विक्रीच्या दराला टेकू देण्यात गेला, याची मला मनापासून खंत वाटते.

पूरक प्रश्न : मग 2022 मध्ये दर गोठवले गेले, तेव्हाच्या बातम्यांतही ‘तूट’च म्हणावे का?

उत्तर : नाही, तेथे ‘तोटा’ हाच शब्द बरोबर आहे. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये कागदोपत्री नियंत्रणमुक्त झाले होते. तरीही एप्रिल 2022 पासून बराच काळ कंपन्यांनी स्वतःहून दर हलवले नाहीत (मे महिन्यात पंपावरचे दर उतरले, ते केंद्राच्या उत्पादन शुल्क कपातीमुळे) आणि त्याच वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमच्या ताळेबंदात 10,197 कोटी रुपयांचा निव्वळ तोटा नोंदला गेला. येथे हिशेबी किमतीचा संबंध नाही. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राने स्वयंपाकाच्या गॅसपोटी इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांना 22,000 कोटी रुपये मंजूर केले. त्याला बातम्यांत ‘अनुदान’ म्हटले गेले; परंतु वाचक अनुदान म्हणजे स्वतःच्या बँक खात्यात जमा होणारी सिलिंडरची रक्कम समजतो. ही रक्कम कंपन्यांना गेली होती, म्हणून तिला ‘भरपाई’ म्हणावे.