व्हीगन मेक्सिकन कॅसरोल: घरच्या जेवणासाठी सोपी कृती हवी

ह्यूस्टनकर_नीता:
शनिवारी आम्ही आठ जण जेवायला आहोत. लेक कॉलेजातून येतेय, ती आता पूर्ण व्हीगन आहे, म्हणजे दूध-तूपही खात नाही, सोबत मैत्रीणही आहे. सासूबाई-सासरे पुण्याहून आलेत, त्यांना तिखट बेताचंच चालतं. एन्चिलाडासारखं (सारण भरून गुंडाळलेल्या पोळ्या, वर मिरचीचा सॉस), पण थरांचं काही ओव्हनमध्ये करावं असा विचार आहे, म्हणजे एकेक गुंडाळत बसायला नको. विकतचं व्हीगन चीज लेकीलाच आवडत नाही. त्याऐवजी काय घालू? आणि आदल्या रात्री किती तयारी करून ठेवता येईल?

तवा_आणि_तंदूर:
नीताताई, चीजची काळजी सोडा. या पदार्थाची सगळी चव मिरचीच्या सॉसमध्ये असते, तेवढा घरी करा. मेक्सिकोत टॉर्टियाचे, म्हणजे तिथल्या पातळ पोळ्यांचे थर लावून करतात त्याला पास्टेल अझ्टेका म्हणतात. त्यात एरवी चिकन, क्रीम, चीज असतं, पण पोब्लानो (मोठी, कमी तिखट हिरवी) मिरची आणि मका घालूनही करतात. आपण तीच वाट धरायची.

५ ग्वाहिय्यो आणि ३ आंचो या सुक्या मेक्सिकन मिरच्या घ्या. दोन्ही फार तिखट नसतात, सासूबाईंना चालतील. देठ-बिया काढून तव्यावर काही सेकंदच परता, करपल्या की सॉस कडू होतो. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, त्यातही कडसरपणा उतरतो. मग ३ भाजलेले टोमॅटो, अर्धा कांदा, ४ लसूण पाकळ्या, जिरं, ओरेगानो आणि २ कप ताजं पाणी घालून वाटा, गाळा आणि थोड्या तेलावर रंग गडद होईपर्यंत शिजवा. ही पायरी गाळू नका, कच्च्या वाटणाला ती चव येत नाही.

टॉर्टिया मक्याच्याच घ्या, ६ इंची १८ तरी लागतील. प्रत्येक तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडी शेकून घ्या, नाहीतर सॉसमध्ये लगदा होतो. ९ × १३ इंचांच्या ट्रेमध्ये तळाला सॉस, मग टॉर्टिया, अर्धवट ठेचलेले काळे बीन्स (१५ औंसांचे २ डबे), परतलेला मका, कांदा आणि पोब्लानो, पुन्हा सॉस. असे तीन थर. वरून काजूचं क्रीम: १ कप भिजवलेले काजू, लिंबू, लसूण, मीठ, गुळगुळीत वाटून. ३७५ फॅरनहाइटला फॉइल लावून २५ मिनिटं, मग उघडं १० मिनिटं. बाहेर काढल्यावर १० मिनिटं हात लावू नका, तरच वड्या नीट पडतात.

मका_प्रेमी:
डब्यांवरची यादी नक्की वाचा. रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून ठेचून परतलेले बीन्स) बऱ्याचदा डुकराची चरबी असते, मैद्याच्या काही टॉर्टियांतही. तयार एन्चिलाडा सॉसमध्ये चिकनचा स्टॉक सापडतो. पाहुणी व्हीगन असताना हे बघायलाच हवं.

सदाशिवपेठी:
इथे पुण्यात आंचो सहज मिळत नाही. मी ब्याडगी वापरते. रंग सुरेख येतो, आंचोचा तो मनुकांसारखा गोडवा मात्र येत नाही. बीन्सऐवजी राजमा.

ह्यूस्टनकर_नीता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच लेकीने सांगितलं, मैत्रिणीला काजू-बदामाची ॲलर्जी आहे! आणि ट्रे शुक्रवारी रात्रीच लावून ठेवू का?

तवा_आणि_तंदूर:
लावू नका, रात्रभरात टॉर्टिया गळून जातील. सॉस, बीन्स, भाज्या वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा, शनिवारी थर लावायला फार वेळ लागणार नाही. काजू मात्र घरातल्या कुणासाठीही नकोत, एकाच टेबलावर चमचे इकडचे तिकडे होतात. त्याऐवजी तेवढ्याच सूर्यफुलाच्या बिया उकळत्या पाण्यात तासभर भिजवून वाटा, लिंबू थोडं जास्त घाला. बियांच्या पाकिटावर काजू-बदामाचा अंश असल्याची सूचना नाही ना, ते बघा. मिक्सरचं भांडंही आधी साबणाने स्वच्छ घासून घ्या, झाकणाच्या रबरासकट.