खरेदीखतावरचा अंगठा, आधारची झेरॉक्स आणि एईपीएस: कुलूप नेमकं कुठे लावायचं?

सातबारा_उतारा (धागालेखक)

गावाकडच्या जमिनीचं खरेदीखत व्हायचं आहे. देणार, म्हणजे जमीन विकणारे, सत्तरीपुढचे आहेत. त्यांच्याकडे साधा फोन आहे, खातं जिल्हा बँकेत आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्येक पक्षकाराचा फोटो आणि अंगठा घेतात. ओळखीसाठी आधारची झेरॉक्स जोडतात, साक्षीदारांचीही. दस्ताची नक्कल फी भरून कोणालाही मिळते. एईपीएसने, म्हणजे बँक मित्राकडे (बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे) आधारवर चालणाऱ्या सोयीने, पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं; पिन नाही, ओटीपी नाही. म्हणजे सगळा ऐवज आपणच एका पुडक्यात बांधून देतो.

तीन प्रश्न:
१. कागदावरच्या ठशावरून खरंच पैसे निघू शकतात, की ही व्हॉट्सअ‍ॅपवरची भीती आहे?
२. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं (बोटाने ओळख पटवणं बंद केलं) तर रेशन, पीएम किसान, लाडकी बहीण यांतलं काय अडतं?
३. दस्तातला अंगठा झाकून मागता येतो का? नवा डेटा संरक्षण कायदा इथे उपयोगी पडतो का?

---

गोषवारा_भाग_दोन

पहिल्याचं उत्तर हो. नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून सिलिकॉनची बोटं केल्याचे गुन्हे देशात अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. आधार चालवणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३मध्ये ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासायला सुरुवात केली, ती बोट जिवंत आहे की साचा हे ओळखण्यासाठीच. त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे, पण संपलं असं म्हणवत नाही.

ठसा दस्तात नेमका कुठे असतो ते बघा. दस्ताचा सारांश देणाऱ्या सूची क्रमांक २वर नसतो, त्यामुळे ती कोणी काढली म्हणून घाबरू नका. तो असतो दस्ताला जोडलेल्या 'दस्त गोषवारा भाग २' या पानावर, फोटोशेजारच्या चौकोनात. पूर्ण दस्ताची नक्कल काढणाऱ्याला तो मिळतो. हा ठसा नोंदणी अधिनियम १९०८च्या कलम ३२अ मुळे घेतात. ते २००१च्या दुरुस्तीने आलं, हेतू तोतया माणूस उभा करून जमीन विकण्याला आळा घालणं. तेव्हा बोट ही फक्त ओळख होती, एटीएम कार्ड नव्हतं. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

अंगठा टाळता येणार नाही, पण आधार क्रमांक टाळता येतो. खरी मेख ही आहे. नुसता ठसा मिळून एईपीएस चालत नाही, सोबत बारा आकडे लागतात. म्हणून:

मसुदा टंकणाऱ्याला आधीच सांगा की पक्षकाराच्या वर्णनात आधार क्रमांक लिहायचा नाही. पॅन बहुतेक दस्तांत लिहावा लागतोच, तो पुरे. बरेच टंकलेखक जुना नमुना उघडून नाव बदलतात आणि क्रमांकाची जागा रिकामी दिसली की भरून टाकतात. छापण्याआधी मसुदा स्वतः वाचा.

ओळखीसाठी मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट द्या. आधारच द्यायचं झालं तर मास्क केलेलं द्या. मायआधार पोर्टलवरून ई-आधार उतरवताना 'मास्क' हा पर्याय निवडला की पहिले आठ आकडे फुल्या होऊन येतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष.

आणि हे कोणी सांगत नाही: पेनाने आकडे खोडलेली जुनी झेरॉक्स देऊ नका. २०१८च्या आधीच्या कार्डांवरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण बारा आकडे साध्या मजकुरात असतात. मोबाइलवरचं कुठलंही स्कॅनर ते वाचतं. वर काळी रेघ आणि शेजारी कोड उघडा, म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखं. नव्या सुरक्षित क्यूआरमध्ये पूर्ण क्रमांक नसतो, म्हणून ताजी प्रत उतरवणं बरं.

साक्षीदारांनाही हेच सांगा. त्यांचा व्यवहारात काही फायदा नसतो आणि त्यांच्या झेरॉक्सकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

---

मायक्रो_एटीएम

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सर्रास गल्लत होते.

एक, एनपीसीआय या देशाच्या देयक महामंडळाचा मॅपर (कुठल्या आधारला कुठली बँक याची यादी), ज्याला लोक 'आधार सीडिंग' म्हणतात. सरकारी अनुदान कुठल्या बँकेत टाकायचं हे तो ठरवतो. एका आधारला एकच बँक.

दोन, बँकेच्या स्वतःच्या संगणकात खात्याला लागलेला आधार. एईपीएस या दुसऱ्यावर चालतं. बँक मित्राच्या यंत्रावर बँक निवडली, आधार टाकला, बोट लावलं, की विनंती त्या बँकेकडे जाते आणि बँक आपल्याकडचं जोडलेलं खातं शोधते. मॅपरमध्ये तुमची दुसरीच बँक असली तरी फरक पडत नाही.

याचे दोन परिणाम. घाबरून जो सीडिंग काढून टाकतो त्याचा पीएम किसानचा हप्ता अडतो, आणि एईपीएसचं दार उघडंच राहतं. चोराला बँक माहीत असण्याचीही फार गरज नाही. जिल्ह्यात दोन-चार मोठ्या बँका असतात, एकेक करून शिल्लक तपासतात. (खरेदीखतातल्या मोबदल्याच्या परिच्छेदात चेकचा तपशील असतो, तो घेणाराच्या बँकेचा. म्हणजे घेणारानेही निर्धास्त राहू नये.)

आता लॉक. मायआधार किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये लॉक केलं की बोटं, डोळे आणि चेहरा, तिन्ही बंद होतात. एकच अंगठा बंद करायची सोय नाही. ओटीपी मात्र चालू राहतो. त्यामुळे:

लाडकी बहीण किंवा पीएम किसानचे पैसे जमा व्हायला बोट लागतच नाही, ते येत राहतात. त्यांची ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) ओटीपीने होते.

रेशन दुकानातलं बोट तपासणारं ई-पॉस यंत्र अडेल. लॉक असताना ३३० हा एरर कोड येतो. दुकानदार 'सर्व्हर डाउन' किंवा 'बोटं झिजली' म्हणून परत पाठवतो, कारण कोडचा अर्थ त्याला माहीत नसतो.

निवृत्तिवेतनासाठी हयात असल्याचा 'जीवन प्रमाण' दाखला, बोट लावून सिमकार्ड घेणं, ऑनलाइन भाडेकरारातली आधार पडताळणी, हेही अडतं.

लॉकची अट म्हणजे आधारला मोबाइल जोडलेला हवा. नसेल तर आधार केंद्रात जाऊन जोडावा लागतो, फी ७५ रुपये. फोन साधा असला तरी हरकत नाही: ओटीपी त्यावर येईल, पोर्टल घरातल्या कोणाच्याही संगणकावर उघडा.

माझं मत विचाराल तर लॉकपेक्षा पैशांची जागा बदलणं जास्त भरवशाचं. जमिनीची रक्कम ज्या खात्यात येणार आहे त्या बँकेत आधार जोडलेलाच नसावा. अनुदान घ्यायचं नसेल तर बँक खात्याला आधार सक्तीचा नाही. सक्तीची जोडणी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात रद्द केली आहे. पॅन आणि मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टवर केवायसी होतं. काउंटरवर 'सिस्टिम घेत नाही' असं ऐकवतील. तेव्हा नकार लेखी मागा. अनुदानाचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे राहू द्या. मोठी रक्कम मुदत ठेवीत टाकली तर एईपीएस तिथवर पोचत नाही.

काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये एईपीएस बंद करायचं बटण आहे. नसेल तर शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या. पोचेवर शिक्का आणि तारीख हवीच, पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो.

---

नुक्ता_चीनी

हे सगळं ठीक, पण म्हाताऱ्या माणसाने पोर्टल उघडायचं, दोन खाती सांभाळायची आणि रेशनच्या दिवशी लॉक काढायचं? त्यापेक्षा दस्तांच्या नकला परक्याला देणंच बंद करा. ज्याचा दस्त त्यालाच नक्कल.

---

गोषवारा_भाग_दोन

@नुक्ता_चीनी, तक्रार रास्त आहे, उपाय घातक. नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७नुसार पुस्तक क्रमांक १ (स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याची सूची कोणालाही बघता येते, नक्कलही मिळते. हे उघडं आहे म्हणूनच वकील तीस वर्षांचा शोध अहवाल देऊ शकतो. एकच प्लॉट तिघांना विकणाऱ्याला याच उघडेपणाची भीती वाटते. ते बंद झालं तर फायदा त्याचा.

गरज फक्त ठशाचा चौकोन झाकण्याची आहे. शोध घेणाऱ्याला कोणी, कोणाला, काय, केव्हा विकलं आणि बोजा आहे का, हे हवं असतं. अंगठ्याच्या रेषा त्याच्या काय कामाच्या? त्या लागतात तोतयेगिरीचा दावा उभा राहिला तर, आणि तेव्हा न्यायालय मूळ दस्त मागवू शकतं. नकलेत चौकोन पांढरा ठेवणं हे तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ काम आहे.

---

कलम_तीन_क

तिसऱ्या प्रश्नावर कायद्याची बाजू. बातमी चांगली नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३मध्ये मंजूर झाला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. संमती, सूचना, डेटा पुसणं, गळती कळवणं ही मुख्य कर्तव्यं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून लागू व्हायची आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये, हा आकडा सगळीकडे छापून येतो.

छापून येत नाही ते कलम ३चं खंड (क). एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जो वैयक्तिक डेटा सार्वजनिक केला जातो, त्याला हा अधिनियम लागूच होत नाही. नोंदणीचा दस्त कलम ५७खाली सार्वजनिक आहे. म्हणजे या कायद्याच्या जोरावर 'माझा ठसा काढा' असा आग्रह धरायला गेलात तर पहिल्याच पायरीवर हे कलम पुढे करतील.

आधार क्रमांकाचं तसं नाही. तो जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याचं कलम २९ आणि त्याखालचे विनियम मनाई करतात. दस्तात क्रमांक उघडा दिसत असेल तर नोंदणी महानिरीक्षकांकडे अर्ज करताना याच कलमाचा हवाला द्या, डेटा संरक्षण कायद्याचा नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे, त्यामुळे ठशासाठी उच्च न्यायालयात याचिका होऊ शकते, पण ती एका खरेदीखतापुरती करण्यासारखी गोष्ट नव्हे.

बोट हे पासवर्ड म्हणून निवडणंच मुळात चुकलं, असं माझं ठाम मत आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटं दहाच, आणि ती आपण दिवसभर ग्लासांवर, दारांवर, हजेरीच्या यंत्रांवर ठेवत फिरतो. एईपीएसला चार आकडी पिनची जोड दिली असती तर या धाग्याची गरज पडली नसती. निरक्षर माणसाला पिन जमणार नाही हा युक्तिवाद फार ऐकला. तीच माणसं पाठ केलेले मोबाइल नंबर फिरवतात.

---

मायक्रो_एटीएम

@कलम_तीन_क, पिनबद्दल अर्धवट सहमत. बँक मित्राच्या टपरीवर पिन मोठ्याने सांगितला जातो, हेही खरं.

एक भर: पैसे गेलेच तर काय.

एईपीएसच्या एका व्यवहाराची मर्यादा १०,००० रुपये आहे. म्हणून चोर एकदम मोठी रक्कम काढत नाही, तुकडे पाडतो, आणि त्याआधी शिल्लक तपासतो. मायआधारवर 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' बघा: मागच्या सहा महिन्यांतल्या ५० नोंदीपर्यंत दिसतात, तारीख, वेळ, संस्था आणि बोट की ओटीपी यासह. न ओळखीची बोटाची नोंद दिसली तर पैसे गेले नसले तरी लगेच लॉक करा.

पैसे गेल्यावर क्रम असा: १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लॉक, मग त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला कमाल १०,००० रुपये, किमान शिल्लकेची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक डिसेंबर २०१७मध्ये निघालं, त्यामुळे जिल्हा बँकेने हात झटकले तर ते दाखवा.

बँकेचं ठरलेलं उत्तर असतं: 'अंगठा जुळला, म्हणजे तुम्हीच काढले.' ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, हे अर्जातच लिहा. सोबत व्यवहाराचा आरआरएन (संदर्भ) क्रमांक, टर्मिनल (यंत्राचा) क्रमांक आणि ते यंत्र कुठल्या गावात नोंदलं आहे ते मागा. खातेदार साताऱ्यात आणि यंत्र दुसऱ्याच राज्यात निघालं तर बराचसा वाद तिथेच मिटतो.

आणि बँकेत नोंदलेला मोबाइल चालू आहे ना ते आज तपासा. आधारचा नंबर वेगळा, बँकेचा वेगळा, आणि बँकेचा तर कधीच बंद पडलेला, अशी खाती ढिगाने आहेत. मग एसएमएस जातो कुठे?

---

सातबारा_उतारा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. मसुद्यातून आधार क्रमांक काढायला सांगितला आहे, मोबदल्यासाठी वेगळं खातं उघडतो. एक राहिलं: रेशनच्या दिवशी लॉक काढलं की घरी येऊन आठवणीने परत लावावं लागतं का?

---

मायक्रो_एटीएम

नाही. तात्पुरतं अनलॉक दहा मिनिटांपुरतं असतं, नंतर आपोआप लॉक होतं. म्हणून घरून निघताना काढू नका. रांगेत आपल्या पुढे एकच जण उरला की घरी फोन करून काढायला सांगा, ओटीपी साध्या फोनवर येईल तो वाचून दाखवायचा. हा एक प्रसंग सोडला तर ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, हे मात्र त्यांना दोनदा सांगा.